नागपूरच्या अलीकडे रस्ता संपायचा

आमच्या पीसीला झाकण नव्हतं. म्हणजे कधीकाळी असेलही, पण बाबांनी तो लॅमिंग्टन रोडवरून सुटा सुटा जमवून आणला तेव्हा एका बाजूचा पत्रा कुठल्याशा दुकानातच राहिला. तो आणायला नंतर कुणी गेलं नाही, कारण तो नसलेलाच बरा हे लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं. आतलं ग्राफिक्स कार्ड कुणीतरी वापरून विकलेलं होतं, त्याचा स्वतःचा पंखा खरखरत फिरायचा आणि मनात आलं की थांबायचा. मग उघड्या बाजूला आमचा टेबलफॅन लावावा लागे. घोडपदेवच्या चाळीतल्या आमच्या एका खोलीच्या घरात टेबलफॅन तेवढा एकच. मी खेळ सुरू केला की तो बाबांकडून पीसीकडे वळायचा. बाबा भायखळ्याच्या एका छापखान्यातून दमून आलेले असायचे, ते बनियनने वारा घेत म्हणायचे, "शिल्पा, तुझ्या त्या गाड्यांना घाम येतो, मला येत नाही, असं आहे का?" पण पंखा परत वळवायचे नाहीत. पीसी आणण्यात त्यांनी एवढी हौस केली होती, की तो बंद पडलेला त्यांना बघवत नसे.

हा पीसी शिवणयंत्राच्या टेबलावर होता. यंत्र आत दुमडून वर फळी, फळीवर जाडजूड पाठीचा मॉनिटर, आणि कीबोर्ड मांडीवर. पाय नेहमी यंत्राच्या पायट्यावर जायचे आणि खेळता खेळता ते आपोआप हलू लागायचे. फळीखालचं चाक तालात कुरकुरायचं. आजही कुठे ट्रकचा खेळ दिसला की मला इंजिनाच्या आवाजाखाली ती कुरकुर ऐकू येते.

कारण मी खेळायचे तो ट्रकचा खेळ. कॉलेजातल्या मुलांना गोळ्या झाडायचे खेळ आवडत. मला मात्र मोठी गाडी घेऊन लांबच लांब रस्त्याने जायला आवडायचं. माल भरायचा, परदेशातल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचा, उतरवायचा, मिळकतीतून पुढे दुसरा ट्रक घ्यायचा. अडचण अशी, की आमच्या पीसीच्या अंगात तेवढा खेळ ओढायची ताकद नव्हती. ट्रक पुढे जायचा तो उचकी लागल्यासारखा. मग नाक्यावरच्या सायबर कॅफेत बसून मी शोधाशोध केली आणि मला मॉड सापडले. मॉड म्हणजे खेळाच्या शौकीन लोकांनी आपापल्या घरी बसून, फुकट, केलेले फेरफार. कुणी नवा ट्रक बनवी, कुणी नवा रस्ता. माझ्यासारख्या गरीब पीसीवाल्यांसाठी एकाने खेळातली झाडं, सावल्या आणि ढग काढून टाकणारा मॉड बनवला होता. तो टाकला आणि ट्रक पळू लागला. आख्खा युरोप बोडका झाला, पण पळू लागला. पुढे कितीतरी वर्षांनी, स्वतःच्या कमाईच्या लॅपटॉपवर मी तोच खेळ झाडांसकट पाहिला आणि पहिला घाट ओळखूच आला नाही. इतकी झाडी होती तिथे! आम्ही आपले वर्षानुवर्षं उघड्या माळावरून गेलो.

मॉडचं प्रकरण मात्र दुरून वाटतं तितकं सोपं नव्हतं. कॅफेत तुकड्यातुकड्याने उतरवायचं, पेनड्राइव्हवर घालून घरी आणायचं, आणि उघडल्यावर कळायचं की शेवटचा तुकडा अर्धाच आलाय. निम्मे मॉड खोटे असत, उघडले की पडदाभर जाहिराती. जे खरे असत त्यांचं एकमेकांशी पटत नसे. कुठला आधी लावायचा आणि कुठला नंतर, याचं एक मानापमानाचं शास्त्र होतं. क्रम चुकला की ट्रकची चाकं ट्रक सोडून हवेत फिरायची, नाहीतर रस्त्यातल्या सगळ्या गायी जांभळ्या व्हायच्या. पण मला त्यातच मजा यायची. खरं सांगायचं तर मी खेळले त्यापेक्षा खेळ दुरुस्त करण्यातच जास्त वेळ घालवला, आणि आज पोटापाण्याला जे करते त्याची सुरुवात तिथेच झाली असं मी मानते.

याच सुमारास आईची नोकरी गेली. आई, सुमन तिचं नाव, फोर्टातल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. लग्नाआधीपासून. घरी आणि गॅलरीत तिच्या बोलण्यात मधूनच मालवणी यायची, पण कानाला हेडफोन लावला की तिचा आवाज वेगळाच व्हायचा. स्वच्छ, गोल, घाई नसलेला. कंपनीची सगळ्यात मोठी शाखा नागपूरला, त्यामुळे ती म्हणायची, "अर्धा दिवस मी नागपुरातच असते." प्रत्यक्षात नाशिकच्या पुढे ती कधी गेली नव्हती. मग कंपनीने नवीन यंत्र बसवलं. फोन केला की एक छापील आवाजाची मुलगी बोलायची, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. आईला एक साडी, एक घड्याळ आणि निरोपाचं भाषण मिळालं आणि ती घरी बसली.

घरी बसली म्हणजे ओट्याशी उभी राहिली. आमच्याकडे त्या दिवसांत जे शिजायचं त्याला काही हिशेब नव्हता. बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, कुळथाची पिठी, घावणे, आणि हे सगळं एकाच दिवशी. शेजारच्या साळगावकर काकू वाटी घेऊन यायच्या त्या टोप घेऊन जायला लागल्या. बाबांच्या छापखान्यात त्यांच्या डब्याभोवती गर्दी होऊ लागली. खाणारे खूश होते, पण आई दिवसभरात मोजकंच बोलायची. फोन वाजला तर उचलायचीही नाही. बाबा मला हळूच म्हणाले, "हिचं कायतरी करायला पाहिजे गं. मी जाडा व्हायला लागलो."

मी काही केलं नाही. जे झालं ते आपसूक. एका दुपारी मी कॉलेजातून आले तर आई खुर्चीवर बसलेली, हाताला बेसन, समोर माझा ट्रक एका चौकात आडवा.

"ब्रेक खंय असा ह्येचो?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

मी दाखवला. तिने ट्रक सरळ केला, सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबली, वळणाचा दिवा लावला आणि अशी काही सावकाश वळली, की मागे गाड्यांची रांग लागली.

"इथे झाडं का नाहीत गं? दुष्काळ आहे काय?"

"आपला पीसी झेपत नाही, म्हणून मी काढली."

"तू काढलीस?" ती माझ्याकडे वळून बघत राहिली. "एवढी सगळी?"

त्या दिवसापासून दुपारचा ट्रक आईचा झाला. ओटा लवकर आवरू लागला, टोप लहान झाले. साळगावकर काकूंनी माझ्याकडे तक्रारही केली. आईने खेळात स्वतःची कंपनी काढली, तिला नाव दिलं सुमन ट्रान्सपोर्ट, आणि एकेक ट्रक वाढवत नेला. तिने कधी सिग्नल तोडला नाही, कुणाला ठोकलं नाही. बाबा मागे उभे राहून "हाण की, रस्ता मोकळा आहे" म्हणायचे, तेव्हा ती शांतपणे म्हणायची, "अहो, माल काचेचा आहे."

आणि मग मला तो भारताचा नकाशा सापडला. खेळणाऱ्यांच्या एका वेबसाइटवर कुणीतरी आपल्याकडचे रस्ते बनवून ठेवले होते. मुंबईपासून नाशिक, धुळे, जळगाव असं पूर्वेकडे. मी तो उतरवून आणला तेव्हा आई हरखली. तशी त्यातली मुंबई म्हणजे एक उड्डाणपूल, चार इमारती आणि कुठलाच नेम नसलेला समुद्र. "आपला घोडपदेव कुठाय?" म्हणून तिने बराच शोध घेतला, तिथे एक परदेशी पेट्रोलपंप निघाला. पण मुंबईबाहेर पडल्यावर पाट्या लागल्या आणि ती पाटी वाचून मोठ्याने नाव घ्यायची. भुसावळ. मलकापूर. अकोला. या गावांना तिने वर्षानुवर्षं फोन जोडून दिले होते. "अकोल्याचे डीलर फार तापट," ती सांगायची, आणि अकोल्यातून जपून चालवायची. पुढे अमरावती, मग एक लांब सरळ रस्ता, नागपूरची पाटी, आणि पाटीच्या पुढे काहीच नाही. रस्ता कापल्यासारखा संपलेला आणि खाली नुसतं निळं आभाळ. बनवणाऱ्याचं काम तिथवरच झालं होतं.

आई रोज तिथवर जाऊन ट्रक उभा करायची, आभाळ बघायची आणि परत फिरायची.

शेवटी एकदाची वेबसाइटवर बातमी आली. नवा नकाशा तयार, नागपूर खुलं. सोबत लिहिलेलं, जुना खेळ आहे तसा चालेल, काही जाणार नाही. आम्हाला जुन्याची एक प्रत काढून ठेवायची होती, पण आमच्या हार्डडिस्कवर प्रत मावेल एवढीही जागा नव्हती. आईच म्हणाली, "लिहिलंय ना त्याने स्वच्छ? टाक." मी टाकला. तिने उदबत्ती लावली, खुर्चीवर बसली, खेळ उघडला. सुमन ट्रान्सपोर्ट नव्हती. एकही ट्रक नाही, गॅरेज नाही, केलेल्या फेऱ्या नाहीत. पडद्यावर एक रिकामा चौकोन आणि त्यात इंग्रजीत, तुमच्या कंपनीचं नाव लिहा.

"माझे ट्रक खंय गेले?"

मी जे जे येत होतं ते करून पाहिलं. जुना नकाशा परत टाकला, क्रम बदलला, पीसी बंद करून चालू केला. आई काही वेळ मागे उभी होती. मग "शिरा पडो त्या मॉडार," एवढं म्हणून ती ओट्याकडे गेली. त्या संध्याकाळी पुन्हा तिखलं आणि तिसऱ्या आणि घावणे, सगळं झालं. ती जेवली नाही. आता सांगताना हसू येतं, खेळातले ट्रक ते काय. पण तेव्हा घरात कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा तिच्या हातचं काम एका यंत्राने काढून घेतलं होतं, आणि दोन्ही वेळा तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात जास्त तापले बाबा. "कोण आहे तो माणूस? लिही त्याला. म्हणावं आमच्या घरी सुतक आहे." मी वेबसाइटवर लिहिलं, सुतक वगळून. दुसऱ्या दिवशी कॅफेत जाऊन बघते तर लांबलचक उत्तर. त्याचं नाव प्रफुल्ल, खामगावचा, काकांच्या मेडिकलच्या दुकानात बसतो आणि गिऱ्हाईक नसताना रस्ते बनवतो. दहादा माफी मागितली होती आणि खाली फोन नंबर.

आई फोनला हात लावणार नाही असं मला वाटलं होतं. पण तिने पदर नीट केला, स्टुलावर ताठ बसली आणि नंबर फिरवला. खोलीत कितीतरी दिवसांनी तो आवाज घुमला.

"नमस्कार. मुंबईहून सुमन ट्रान्सपोर्ट बोलतेय. आपण प्रफुल्ल का?"

पलीकडचं ऐकू यावं म्हणून मी रिसीव्हरला कान लावला. पलीकडून घाईघाईने, "हो हो काकू, मीच. माफ करा न काकू. माह्या घरच्या पीसीवर बराबर चाललं होतं, म्हणून म्या लिवलं."

"आपल्या घरी चाललं म्हणून जगात चालेल असं नसतं."

"नाई जी, नसते."

"आणि आपल्या मुंबईत भायखळा नाही, परळ नाही. घोडपदेवला पेट्रोलपंप आहे."

"काकू, म्या मुंबई पाह्यलीच नाई."

"मी नागपूर पाहिलं नाही," आई म्हणाली, जरा वेगळ्या आवाजात. मग ते दोघं बोलतच बसले. तिने त्याला भायखळ्यापासून लालबागपर्यंतचा रस्ता तोंडी सांगितला, पूल कुठे चढतो, कुठे उतरतो. त्याने लिहून घेतला. शेवटी तो म्हणाला, "काकू, तुमी रेडिओत होत्या काय?"

"टेलिफोन ऑपरेटर."

"मंग माह्या नकाशात बोलता का? ट्रकमधी रस्ता सांगणारी बाई असते न, डावीकडं वळा, उजवीकडं वळा. तो आवाज मले मराठीत पायजे."

"नाही," आई म्हणाली. एकदम. "मशीनमध्ये बोलणार नाही. मशीनमधल्या बाईनेच मला घरी बसवलं." आणि तिने नमस्कार करून फोन ठेवला.

विषय तिथेच संपला असता. पण प्रफुल्लने माझ्या विनंतीवरून नवा, नीट चालणारा नकाशा पाठवला, आणि त्यात त्याने तात्पुरता एक कॉम्प्युटरने बनवलेला आवाज घातला होता. मी तो तपासत होते, आई मागे पालेभाजी निवडत बसली होती. ट्रक जळगावजवळ आला आणि आतली बाई म्हणाली, "जाल गाओन."

आईचे हात थांबले. "काय म्हणाली ती?"

पुढे भुसावळला "भूसा वाल" झालं. अमरावतीचं जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. आईने भाजी बाजूला ठेवली, उठली, आणि सरळ फोनकडे गेली. "प्रफुल्ल? काढ ती बाई. आजच्या आज काढ. काय काय बोलायचंय ते शिल्पाला पाठव."

आवाज भरायचा म्हणजे शांतता हवी, आणि चाळीत शांतता कुठून आणायची? आम्ही दुपार निवडली, पाणी येऊन गेलं की गॅलरी जरा निवांत असते. हेडफोनचा माइक, आईच्या डोक्यावरून गोधडी, म्हणजे भिंतींचा घुम येऊ नये. बाबांनी त्या दिवशी रजा काढली होती आणि ते गॅलरीत पहारेकरी म्हणून उभे होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठावर बोट ठेवून दाखवायचे, आणि प्रत्येकजण थांबून "काय झालं? कोण गेलं?" असं मोठ्याने विचारायचा. साळगावकर काकूंनी भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं, "सुमन, बोल गो आता, मिक्सर बंद केलंय!" तेही रेकॉर्ड झालं.

आईने पहिलं वाक्य म्हटलं, "कृपया पुढील वळणावर डावीकडे वळावे." गोधडीतून येऊनही आवाज असा, की बाबा दारातून आत बघायला लागले. मी ते प्रफुल्लला फोनवर ऐकवलं.

"लय भारी, काकू. पण कृपया काढा. तुमचं कृपया संपेपर्यंत ट्रक वळणाच्या पुढं जाते."

"कृपया नाही म्हणायचं म्हणजे? हुकूम सोडायचे ड्रायव्हरला?"

"वाक्य लहान पायजे काकू, खेळात जागाच तेवढी हाय."

बराच वाद झाला. गोधडी काढून, घाम पुसून, पुन्हा घालून झाला. शेवटी आईनेच तोड काढली. "डावीकडे वळा हं." तो शेवटचा हं एवढा छोटा की कुठल्याही वळणाआधी मावेल, आणि एवढा अदबीचा की आईचं समाधान व्हावं. मग सगळी वाक्यं तशीच झाली. पुढे टोलनाका आहे हं. वेग कमी करा हं. तिने प्रत्येक गावाचं नाव असं घेतलं जणू त्या गावचा साहेब लाइनवर वाट पाहतोय. टोलनाक्याच्या वाक्यात मागे पाववाल्याच्या सायकलचा भोंगा वाजला. ते पुन्हा घ्यायला आई तयार होती, पण प्रफुल्ल म्हणाला, राहू द्या, टोलनाक्यावर भोंगे वाजतातच.

नकाशा वेबसाइटवर गेला आणि लोक लिहू लागले. कुणी विचारलं या बाई कोण. कुणी लिहिलं, त्या हं म्हणतात म्हणून मी आता सिग्नलला थांबतो. कोल्हापूरच्या एकाने लिहिलं की त्याच्या खऱ्या ड्रायव्हर वडिलांनी शेजारी बसून पूर्ण फेरी ऐकली. मी सगळं कागदावर छापून आईला वाचून दाखवलं. ती "हो का?" एवढंच म्हणाली, पण त्या दिवसानंतर घरचा फोन वाजला की तीच उचलू लागली. आज सत्तरी पार केल्यावरही उचलते, आणि पलीकडे यंत्र बोलत असलं तर त्याचे उच्चार सुधारते.

तिची नागपूरची फेरी मात्र त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी झाली. नवी कंपनी, एकच ट्रक, माल काचेचा. टेबलफॅन पीसीकडे, बाबा बनियन हलवत मागे, दारात साळगावकर काकू घावण्याची बशी घेऊन. तिचाच आवाज तिला रस्ता सांगत होता आणि ती त्याच्याशी भांडत होती. "माहितेय मला, वळतेय ना." अमरावती गेलं. लांब सरळ रस्ता आला, ती पाटी आली, आणि पाटीच्या पुढे या वेळी आभाळ नव्हतं. रस्ता होता, दोन्ही बाजूंना घरं, संत्र्यांची एक गाडी, मग तीच घरं पुन्हा. आईने वेग अगदी कमी केला. ट्रक माल उतरवायच्या गोदामापाशी आला आणि थांबला, कारण गोदामाला चारही बाजूंनी भिंत होती. आत जायला वाटच नव्हती.

आईने इंजिन बंद केलं आणि फोन फिरवला.

"प्रफुल्ल, मी नागपूरला पोचले."

"पोचल्या? अरे वा! कसं वाटलं, काकू?"

"छान आहे रे. पण गोदामाला गेट नाही. माल कुठे उतरवू?"

"अरे देवा. गेट राह्यलंच न, काकू. आत्ता बांधतो. थोडा टाइम लागन."

आईने काकूंच्या हातातली घावण्याची बशी घेतली, खुर्चीत मागे रेलून बसली आणि आपल्या त्या स्वच्छ, गोल, घाई नसलेल्या आवाजात म्हणाली, "सावकाश बांध. मी होल्ड करते."